गरम कोट

४ जून १९७७, कोराडी
घरी येऊन आठवडा. बाबा (पॉवर हाऊसच्या ऑफिसात टायपिस्ट) कॉलनीभर सांगत फिरतात, पोरगा इंग्लंडहून सुट्टीवर आला. तिथल्या विद्यापीठातल्या विभागाचं पत्र पेटीत तळाशी. विषय उत्तम, इंग्रजी अपुरं. परत येऊन चार महिने फक्त भाषा शिका, ऑक्टोबरात तोंडी परीक्षा द्या, मग प्रयोगशाळेत घेऊ. होकार जूनअखेरपर्यंत टपालात टाका.
भूगर्भशास्त्रात नागपुरात पहिला आलो होतो. आणि तिथे...

७ जून
दुपारभर तेच डोक्यात. तिथला वर्ग, दगडाचा नमुना हातात, नाव, थर, सगळं माहीत. वाक्य जुळेना. सर रागावले असते तर बरं. बहिऱ्याशी बोलावं तसं ते हळूहळू बोलू लागले. बाकीचे वह्यांत डोकं घालून. त्यानंतर वर्गात तोंड उघडलं नाही.

१२ जून
शेजारचे वानखेडेकाका. "जरा इंग्रजी बोलून दाखव गा." दाखवलं, धडाधड. काका खूश. कोणाला कळत नाही तिथे मी फर्डा वक्ता.

१८ जून
माझ्या जुन्या शाळेत सत्कार. शाल, नारळ. हेडमास्तर म्हणाले, इंग्रजीला घाबरायचं नाही हे पोरांना सांगा. सांगितलं. बाबा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा सदरा. स्वतःची किळस आली.

१९ जून
आई माझी पेटी आवरत होती. "सुट्टीवर येनारा मानूस गरम कोट कायले घेऊन येते गा?"
कोट तिच्या हातून घेतला, घडी घालत बसलो.
"बाबाले तूच सांग. मी नाही सांगनार."

२२ जून
सांगितलं. पत्रही दिलं. बाबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "तिथं बोलता नाही आलं, ठीक हाय. मले तं तुले मराठीत सांगता आलं असतं."
जेवले नाहीत. भाजी खारट झाली म्हणून आईवर चिडले.

२५ जून
बाबांनी ऑफिसातून टाइप करून आणलं. माझ्या नावाने विभागाला पत्र: येतो, परीक्षा देतो. समोर ठेवून म्हणाले, "सही कर." पाच ओळी, तीन चुका. तीस वर्षं साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप करून राहिलेला माणूस. दुरुस्त केल्या तर त्यांच्यासमोर कराव्या लागतील. तसंच पाठवलं तर तिथे हसतील, तेही माझ्या नावावर.
"बरोबर हाय ना गा?"
हो म्हटलं.
जायचं आहे का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. सही केलेली नाही. पाच दिवस आहेत.