कोपर खाली येतंय

३ डिसें.
आज पुन्हा कोपर. आतल्या बाजूला, हाडापाशी. तोमर सरांनी माझ्या पिचिंगचा व्हिडिओ मोबाइलवर हळू करून दाखवला. बेसबॉलची पिचर मी, आणि फेकतेय बाउंड्रीवरच्या फील्डरसारखी. हात आधी, कंबर मागून, कोपर खांद्याच्या खाली. सर म्हणाले, "सारा वजन कोहनी उठा रही है, बेटा. पैर क्या छुट्टी पर हैं?" हसू आलं. मग नाही आलं.

५ डिसें.
बाबांना सांगितलं नाही. थ्रो त्यांचाच. क्लब क्रिकेटमध्ये लांबून थेट स्टंप उडवायचे. तोच हात मला लहानपणी परदेशीपुऱ्याच्या मैदानात शिकवला. धावत येऊन फेकताना चालतो. इथे जागेवर उभं राहून टाकायचं, धाव कुठली? सगळा जोर हातावरच.

९ डिसें.
सरांनी बॉल काढून घेतला. हातात नुसता टॉवेल, बॉल फेकल्यासारखा तोच झटकायचा. पाय टाक, कंबर फिरव, मग हात. ऑफिसमधून दमून गेले की कोपर आपोआप खाली. "थक गई? बस, घर जाओ." डोकं फिरलं. २१ ला स्टेट टीमची ट्रायल आणि मी टॉवेल झटकतेय. आई म्हणते, घरात तर कधी झटकत नाहीस.

१६ डिसें.
बॉल परत मिळाला. स्पीड कमी, पण दुखलं नाही. पायातून येणारा जोर पहिल्यांदा कळला, हाताने फक्त सोडायचं. इतकं बरं वाटलं. सर म्हणाले, "स्पीड आएगी, दो-तीन महीने दो." ट्रायल पाच दिवसांवर आहे, सर.

२१ डिसें.
नव्या ॲक्शनने छान टाकत होते, सगळे बॉल जागेवर. सिलेक्टर मॅडम म्हणाल्या, "कंट्रोल अच्छा है. इससे तेज नहीं है क्या?" सरांकडे बघितलं नाही. जुना हात लावला, दोनदा. मॅडमनी मान डोलावली. सर पाण्याच्या कॅनकडे निघून गेले. बाबा गेटपाशी, "हा आपला थ्रो!" इतके खूश कधी...

२२ डिसें.
लिस्टमध्ये नाव आलं. कँप सोमवारपासून. वेणी घालताना कोपर वाकेना, आईने घालून दिली. सरांचा मेसेज : बधाई. कोहनी कैसी है? सच बताना. अजून उत्तर दिलं नाही. भीती वाटतेय. सांगितलं तर जागा जाईल, नाही सांगितलं तर हात.

कोपराला ओढणीत बर्फ बांधून बसलेय. बाबा पेढे घेऊन आलेत, आणि स्वयंपाकघरातून विचारताहेत, फ्रीजमधला सगळा बर्फ गेला कुठे.