ओसरीतला डाग

सौ. दुर्पताले पतिरामचा जय सेवा.

मी इथं बरा आहो, जेवण बराबर होते. तू फिकर करू नोको. मायचे गुडघे कसे आहेत? धान कापणीले आला का?

शहराच्या जुन्या वेशीचं काम बंद पडलं आहे. सरकारी निधीचा दुसरा हप्ता यायचा आहे, म्हून बाकी मिस्त्री गावी गेले. हौदातला भिजवलेला चुना सुकला तर वाया जाते. त्याच्यावर पाणी ठेवाले मी एकटाच राहिलो. दिवसभर चुन्यासंगच बोलून राहिलो. हस तू.

दिवाळीले येणं होत नाही. मंडईच्या जत्रेचंही सांगता येत नाही. आपल्या पोरीले, चंचलले, तिच्या मामासंग दंडारीचा खेळ पाहाले धाड. बाबू काऊन नाही आले म्हणून रडली, तर रागावू नोको.

परवा रिकामा होतो म्हून वेशीच्या आतला एक दगड मी घासाले घेतला, तर पाहणीले आलेले साहेब ओरडले, "अरे, थांब! पहारेकरी इथं पाठ टेकून बसायचे. दगड त्यांच्या पाठीनं गुळगुळीत झालाय. ही माणसाची खूण आहे, ती ठेवायची."

मले आपली ओसरी आठवली. मी टेकतो तिथं भिंतीले डोक्याच्या तेलाचा डाग पडते, अन् दर दिवाळीले तू मले बोलत बोलत त्याच्यावर पांढऱ्या मातीची छुई फिरवते.

औंदाही सगळी भिंत छुईनं पोत. तेवढा डाग राहू दे.

तुझा,
पतिराम