हार मी ओवीन

भिंगार,
रविवार, २७ एप्रिल २०२५

लाडक्या रोहिणीस,
प्रभूच्या नावात तुझ्या थोरल्या बहिणीचा सलाम.

इकडे आम्ही खुशाल. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, गुडघेदुखी मात्र रोज येते. तुझे दाजी उपासनेला गेलेत. मी मुद्दाम घरी राहिले, कारण फोनवर आपण दोघी एकमेकींना बोलू देत नाही. कागद तरी मध्ये तोंड घालत नाही.

तुझ्या दिशाच्या साखरपुड्याचे फोटो मोबाईलवर मिळाले. जावई बरा आहे. कान जरा मोठे आहेत, पण बायकोचं ऐकणारा निघाला तर उपयोगाचेच. लग्नाला कुरडया मी आणीन. तुझ्या सासरच्या कुरडया म्हणजे दोरखंड.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर कुरडयांवरच पत्र संपेल.

तुझ्या प्रशांतरावांच्या कॅथलिक घरची रीत मला ठाऊक आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या मावशीने चर्चमधल्या मरियामातेच्या पुतळ्याला हार घालायचा. तू मला बोलावलंस, मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "मग लग्नालाच येऊ नको." तेव्हापासून तुझा फोन नाही.

रोहे, आपण उपदेशकाच्या मुली. दुसरी आज्ञा अप्पांनी आपल्याला भाकरीबरोबर चारली. मूर्ती करायची नाही, तिच्यापुढे वाकायचं नाही. तुम्हा कॅथलिकांची आज्ञांची मोजणी वेगळी, तुमच्यात ती पहिलीतच येते म्हणे. कुठेही बसवा, आहे ती आहेच. अप्पा तर चार पावलं पुढे. घरात माणसाचा फोटोसुद्धा नको. "आज फोटो, उद्या हार, परवा नवस," म्हणायचे. म्हणून आई गेली तेव्हा तिचा एकही फोटो मागे राहिला नाही. मी चौदाची होते, तू रांगत होतीस.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी तू बोललीस ते कानातून जात नाही. "आक्का, तुला आईचं तोंड तरी ठावं हाय. मला न्हाई. मी माउलीपुढं बसते तवा दगडाकडं न्हाई बघत. माजी आई आशीच आसंल म्हनून बघते."

मी गप्प बसले. तुला वाटलं, आक्का रागावली.

खरं सांगू? आईचं तोंड मलाही आठवत नाही. लहानपणी तू विचारायचीस आणि मी ठासून सांगायचे, नाक सरळ, हनुवटीवर तीळ. पण कितीतरी वर्षं मला फक्त तिचा पिठाचा हात दिसतो. चेहरा प्रार्थनेत मागितला, तरी आला नाही. तुझ्या दाजींनाही हे कधी सांगितलं नाही. थोरल्या लेकीला आईच आठवत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि मग दिशाचा तो फोटो आला. हिरव्या साडीतला, मान वळवून कुणाकडे तरी बघून हसतेय तो. रोहे, ती आई आहे. तीच. मी गॅसपाशी मोबाईल धरून बघतच राहिले, वांगी करपून गेली. आता रोज प्रार्थनेआधी मोबाईल उघडून मी तिला बघते. परवा अंगणातला मोगरा तोडला आणि हात आपसूक मोबाईलकडे गेला. चटकन मागे घेतला. अप्पा असते तर मोबाईल विहिरीत गेला असता.

तेव्हा तुझं मला कळलं. पटलं नाही, पण कळलं.

पुतळ्याला हार मी घालणार नाही. मन मारून घातलेला हार तुझ्या माउलीलाही नको असेल. पण तो हार मी ओवीन, माझ्याच अंगणातल्या मोगऱ्याचा. चर्चच्या दारापर्यंत येईन आणि तुझ्या हातात देईन. तू आत जाऊन घाल, मी पायरीवर बसते.

बाहेर आलीस की दिशाला घेऊन माझ्याजवळ बस. तिला म्हणावं, मावशीसाठी एकदा तशी मान वळवून हस.

मग तुझा हात धरून सांगेन, बघ रोहे, आपली आई अशी दिसायची.

येऊ ना?

तुझ्या एका शब्दासाठी थांबलेली,
आक्का