पाव किलो भेंडी आणि वरचे साठ ग्रॅम

३ फेब्रुवारी
संकल्प : आजपासून रोजनिशी. निवृत्तीनंतर मेंदू गंजतो म्हणतात. माझा गंजणार नाही, मी कायम कामात असतो. पत्नी सरोजिनी जाऊन आठ महिने झाले. स्वयंपाक शिकलो. पाव किलो भाजी माझ्या नियोजनामुळे दोन्ही वेळा पुरते. आशुतोष पुण्याहून म्हणतो, बाबा, डबा लावा. डबेवाला दाराला पिशवी अडकवून पळतो. त्याच्याशी बोलायचं काय?

५ फेब्रुवारी
किचनसाठी डिजिटल काटा ऑनलाइन मागवला. कारण, जुईनगर मार्केटातली पुतळा भाजीवाली. सरोजिनी वीस वर्षं तिच्याकडूनच भाजी घ्यायची. भाव न करता. वर अर्धा तास गप्पा. अशा भाबड्या गिऱ्हाइकांनाच गंडवतात. पुतळा मला भावोजी म्हणते, ‘ताईंचं मानूस’ म्हणून. नातं लावून माल खपवायचा, ही जुनी ट्रिक. मी फसत नाही. पैसे देताना QR स्कॅन, नाव चेक, रक्कम चेक, पिन. डोळ्यांत तेल घालून.

८ फेब्रुवारी
काटा आला. पाव किलो भेंडी आणली, मोजली. ३१० ग्रॅम!
कमी भरेल अशी तयारी होती. जास्तीची नव्हती. सेल बदलले. ३१०च.
निष्कर्ष : पुतळाचा काटा बिघडलेला आहे. जो काटा आज साठ जास्त देतो तो उद्या साठ कमी देईल. समाजाला सावध करायला हवं.

११ फेब्रुवारी
वांगी ३००. गवार ३२०. आता रोज जातो. केवळ पुराव्यासाठी. ती रोज विचारते, “भावोजी, जेवलाव का?” मी मोजकंच उत्तर देतो. आज मोजकं उत्तर वीस मिनिटं चाललं. आमटीला फोडणी कधी द्यायची ते तिने सांगितलं. तपासात साक्षीदाराशी गोड बोलावंच लागतं.
‘ग्राहक जागरण’ ग्रुप काढला. मी, आशुतोष, वरच्या मजल्यावरच्या रंजिता मॅडम. संध्याकाळी मॅडम लेफ्ट. चुकून बटण दाबलं गेलं असेल.

१३ फेब्रुवारी
वजनमापे खात्याकडे तक्रार केली. बरीच माहिती मिळाली. बाजारातला असा इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी सरकारकडून तपासून घ्यावा लागतो. फी भरायची, शिक्का मारून घ्यायचा. उत्तम व्यवस्था आहे. काट्याची वर्षातून एकदा तरी कोणी विचारपूस करतं. माझं बीपी दोन वर्षांत तपासलेलं नाही. त्याची तारीख सरोजिनी लक्षात ठेवायची.

१९ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. निरीक्षक क्षिप्रा मॅडम आल्या. इस्त्रीचा शर्ट घालून मी तासभर आधीच हजर. मॅडमनी प्रमाणित वजनं पुतळाच्या काट्यावर ठेवली. ग्रॅमचाही फरक नाही. मी माझा काटा पिशवीतून काढला. तोही बरोबर निघाला. मग साठ ग्रॅम आले कुठून, असं मी ठणकावून विचारलं.
पुतळा म्हणाली, “काटा कशाला खोटा बोलंल? मापून झाल्यावर मीच मूठभर टाकते पिशवीत. ताई गेल्यापासून. एकटा मानूस, पार सुकून गेलाय. भावोजी तवा मोबाइलात बघत असतात.”
हीदेखील एक प्रकारची अनियमितताच आहे, असं मी मॅडमच्या निदर्शनास आणलं. मॅडमनी काटा फिरवून शिक्का बघितला.
शिक्क्याची मुदत मात्र डिसेंबरात संपलेली. दंड, फी, उशिराची जादा फी, आणि नवा शिक्का मिळेपर्यंत काटा बंद. पुतळा म्हणाली, सून बाळंत झाली होती, जायला जमला नाय.
एकंदरीत मोहीम यशस्वी. संध्याकाळी जेवण गेलं नाही. ऊन लागलं असणार.

२२ फेब्रुवारी
पुतळाची जागा रिकामी. दुसरीकडून कोबी घेतला. मोजला नाही.

२४ फेब्रुवारी
पुतळा जागेवर राहिलेली टोपली न्यायला आली होती, तेव्हा गाठलं. दंड आणि फी मी भरतो म्हटलं. दोन दिवस वाक्य पाठ केलं होतं. ती म्हणाली, “नको साहेब. पावती माझ्या नावाची हाय.”
साहेब म्हणाली. आदर वाढलेला दिसतो.
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

२८ फेब्रुवारी
पुतळाच्या काट्यावर नवा शिक्का. पाव किलो भेंडी घेतली. आज मोबाइल खिशातच ठेवला, रोख दिले. तिच्या हातांकडे बघत उभा राहिलो. तिने वजन केलं, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, “घ्या साहेब.”
बाकी काही विचारलं नाही. मीच सांगितलं, अजून जेवलो नाही. ती पुढच्या बाईंना टोमॅटो मापून देत होती.
घरी येऊन मोजली. २५०. नवे सेल घातले. २५०.
आज भाजी रात्रीला पुरली नाही. नियोजनात कुठंतरी चुकलं.