महिन्याचा प्लॅन की वर्षाचा

३ मार्च, मंगळवार
जावयाने आज परत विषय काढला. "आई, आपल्या दुकानाच्या गाळ्यासाठी चष्मेवाला विचारतोय. चांगलं भाडं देईल. तुम्ही अजून किती दिवस डोळे फोडून घेणार?" वाईट मनाने नाही म्हणत तो. केसांचा टोप करायचा म्हणजे बारीक आकडीने जाळीवर एकेक केस गाठायचा. संध्याकाळी भिंतीवरचं घड्याळसुद्धा पुसट दिसतं.

हे होते तेव्हा फोन, मापं, गिऱ्हाइकांशी बोलणं सगळं त्यांच्याकडे. मी मागच्या खोलीत, लाकडी डोक्यांच्या संगतीत. हे गेल्यापासून फोन वाजला की मीच दचकते. आणि वाजतोय तरी कुठे! तयार विग लोक मोबाइलवर मागवतात.

लेकीचं उलटंच. "आई, बंद करायच्या आधी निदान लोकांना कळू तर दे, असं दुकान आहे म्हणून! आपण वेबसाइट काढू."

५ मार्च, गुरुवार
लेक लॅपटॉप घेऊन बसली. साचे तयार असतात म्हणे, आपण फक्त मजकूर आणि फोटो टाकायचे. माझ्यासारखीलाही जमेल असं. मोफत मिळतं. पैसे भरले तर पत्त्यात फक्त आपल्या दुकानाचं नाव येतं आणि पानावर त्या कंपनीच्या जाहिराती येत नाहीत.

"फुकट मिळत असताना पैसे कोण भरतं?" — मी.
"तुझ्याकडेही लोक हेच विचारतात ना, तयार विग इतका स्वस्त असताना?" — ती.
बोलण्यात बापावर गेली आहे.
तरी फुकटाचंच घेतलं. बंद करायच्या दुकानावर खर्च कशाला.

८ मार्च, रविवार
फोटोंचा घोळ! गिऱ्हाइकांचे चेहरे दाखवायचे नाहीत, हे मी आधीच सांगितलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका आजारपणातून येतात. शेजारणीलाही कळू नये असं त्यांना वाटतं. मग लाकडी डोक्यांवर टोप चढवून फोटो काढले. लेक म्हणाली, "अगं, हे बघून लोक पळून जातील!" शेवटी मीच टोप घालून पाठमोरी बसले. वीस वर्षांनी तरुण दिसते — पाठीमागून.

मजकूर मी लिहिला. पहिलं वाक्य चारदा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं : 'इथे आरशासमोर बसायला घाई नाही.'

१४ मार्च, शनिवार
दोन फोन आले, दोन्ही वेबसाइट बघून! एक नाटकवाल्यांचा, दाढीमिशा हव्या होत्या. नाही म्हटलं. दुसरीने मापाची वेळ घेतली. जावयाला मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं.

१९ मार्च, गुरुवार


दुपारी एक मुलगी आली, पंचविशीची असेल. उपचार चालू आहेत. सोबत तिची आई. आत येऊन तिने रुमाल सोडला. टाळू लालभडक, दोन ठिकाणी सोललेली. मी विचारलं, हे काय झालं? तर म्हणाली, "तुमचंच तेल लावलं."

माझं तेल? मी आयुष्यात तेल विकलेलं नाही!

तिने मोबाइल पुढे केला. माझं पान. माझी पाठ, माझं वाक्य, आणि त्याच्याच खाली ठळक अक्षरांत — 'केस परत उगवतील, खात्रीने!' ती जाहिरात फुकट वेबसाइट देणाऱ्या कंपनीने लावलेली. पण ती मुलगी तरी कशी ओळखणार? माझ्या दुकानाच्या पानावर आहे म्हणजे माझंच. टोपाआधी तेल करून बघू म्हणून तिने मागवलं.

तिची आई म्हणाली, "तुमच्यावर विश्वास ठेवला हो आम्ही." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आधी डॉक्टरांकडे जा म्हटलं. मीच रिक्षात बसवून सोबत गेले. सगळं ऐकून डॉक्टर मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या पानावर काय चालतं ते तुम्हाला माहीत नसावं?" टाळू बरी होईल, पण तोवर टोप घालायचा नाही.

२० मार्च, शुक्रवार
सकाळी लेकीला सांगितलं, पैसे भर. जाहिराती काढ. आधी ते, मग चहा.

ती म्हणाली, वर्षाचा प्लॅन घेतला तर बराच स्वस्त पडतो. जावई चहा घेताघेता : "मे महिन्यात गाळा द्यायचा असेल तर वर्षाचे कशाला भरता?" खरंच आहे. लेकीने वर मान करून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे प्रश्न वेबसाइटचा नव्हताच. मी अजून वर्षभर आकडी धरणार का, असा होता. डोळे चोळले आणि म्हटलं, महिन्याचा घे.

२४ मार्च, मंगळवार
पान आता स्वच्छ आहे. दहादा उघडून बघितलं. खाली काही नाही.

चष्मेवाला गाळा बघून गेला. भिंती मोजल्या, मोठा आरसा काढून टाकू म्हणाला. मेअखेर देते असं सांगितलं.

२ एप्रिल, गुरुवार
ती मुलगी आली! टाळू सुकली आहे. माप घेतलं. पैशांचा विषय काढायचा नाही म्हणून दटावलं. तिला आजाराआधी होते तसेच केस हवेत, कपाळावर एक बट पुढे येणारी. करीन. शेवटचा टोप म्हणून नीट करीन.

९ एप्रिल, गुरुवार
वेबसाइटवरून एका जुन्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. 'माझ्या उपचारांच्या वेळी तुम्ही मला टोप करून दिला होता. आता माझे केस आलेत, टोप नको. मला तो करायला शिकायचंय. माझे डोळे चांगले आहेत. तुमच्या शेजारी बसू द्याल का?'

उद्या सकाळी ये म्हणून कळवलं. मग चष्मेवाल्याला फोन केला — गाळा द्यायचा नाही.