देशाच्या ताटातलं तूप

कॅम्प-१, भिलाई

देवाजीभाऊले मनकर्णेचा नमस्कार. तुमची शुगर, वहिनीचा गुडघा आणि तुमसरचं ऊन, तिन्ही ताब्यात असतील असं धरून पुढं लिहून राहिली.

बुधवारी माझ्या शुभमसाठी पोरीवाले घर पाहायले येतील, असा तुमचा फोन होता. मी सकाळीच शेजारच्या सरलाताईचा कूलर आणि चांगले कप आणून मांडले (यात लबाडी कायची? सगळेच मांडतात). तेवढ्यात एक पोरगी आली. गळ्यात कार्ड, हातात टॅबलेट, आणि बसल्याबरोबर विचारते, घरात माणसं किती, खोल्या किती, कमावते कोण. मले वाटलं, पोरीवाल्यायनं पोरगीच पुढं धाडली! पण मनातून आवडली. आडवंतिडवं नाही, सरळ विचारणं. मंग मी बी कमी पडली नाही. तूप? रोज. काजू? डबा भरून. सफरचंद खाल्ल्याशिवाय आमच्याकडं कोणी आंघोळीले जात नाही. कूलर आपला, शुभम स्टील प्लांटात परमनंट. ती बोटानं टिपत गेली. शेवटी मीच म्हटलं, आता पोराबद्दल बी विचार ना बाई, लाजू नको. तवा ती हसली. "काकू, मी सरकारी सर्व्हेवाली आहे."

भाऊ, मंग तिनं जे सांगितलं ते ऐका. एवढा मोठा देश, सरकार सगळ्यायच्या घरी कुठं जाईन? म्हणून चिठ्ठ्या काढल्यासारखी थोडी घरं निवडतात, आणि एकेक घर आपल्यासारख्या हजारो घरांच्या वतीनं बोलते. कोण काय खाते, कशावर खर्च करते, त्यावरून दिल्ली-रायपूरले समजते लोकांचं कसं चालून राहिलं, रेशनले किती पैसा ठेवायचा, दवाखान्याले किती. मी चौथी नापास, आणि सरकार माझ्या तोंडाकडं पाहून राहिलं! समोरची नीतू चार घरची भांडी घासते, पोरायले पेज पाजते, आणि मी दिल्लीच्या हिशोबात तिच्या ताटात काजू वाढून बसली.

म्हटलं, मिटव सगळं, नवीन लिही. नेमके तवाच तुमचे पाहुणे दारात. सर्व्हेवाली म्हणे, काकू, मी नंतर येते. म्हटलं, बस गुमान, विचार. मंग पाहुण्यायच्या देखत एकेक सांगत गेली. तूप? दिवाळीले. काजू? आजच आणले, या पाहुण्यायच्या बशीत आहेत. कूलर? सरलाताईचा. शुभम? ठेकेदाराकडं. पोरीच्या बापाचा कप ओठालेच चिकटला. (परमनंट आहे म्हणून त्याले कोणं सांगितलं होतं, भाऊ? मी तर नाही.)

सगळे गेल्यावर मी सरलाताईचे कप धुवायले बसली. दोनच खोल्या आपल्या, पण त्यात हजारो घरं दाटीवाटीनं बसून गेल्यासारखी वाटली. असं कधी वाटलं नव्हतं.

तुमची बहीण,
मनकर्णा

ता. क. पाहुण्यायचा फोन आला असन. शिव्या ऐकून घ्या, अर्ध्या तुमच्याच आहेत.

आणखी एक, ज्याच्यासाठी पत्र लिहिलं. त्या सर्व्हेवाल्या पोरीचं नाव वैभवी. इथं जवळच्या बोरसीची आहे, घरी मराठीच बोलतात, लग्न व्हायचं आहे (हे मी विचारलं, तिच्या टॅबलेटात हा प्रश्न नव्हता). रविवारी या आणि तिच्या बापाले भेटा. घर पाहायले बोलवायची गरज नाही. तिनं पाहिलं आहे, दुसऱ्यांदा सांगितलेलं, खरं.