पोर्ट रिकामा नाही

२ ऑगस्ट २०१८, दारव्हा

पोचले एकदाची. यवतमाळहून काळीपिवळीत इतकी दाटीवाटी होती की शेजारच्या मावशींची कोंबडी अर्धा रस्ता माझ्याच मांडीवर होती. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी, हिरवीगार. स्टँडवर नीळकंठकाका छत्री घेऊन उभे होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मदत केंद्र आहे. शोभाकाकूंनी पाटवडीचा रस्सा केला होता. माझ्या नाकातोंडातून पाणी आलं तशा हसल्या आणि वर अजून वाढला.

काम समजून घेतलं. फवारणी करताना कुणाला विषबाधा झाली की घरचे मोबाइलवरून निरोप पाठवतात. तो केंद्राच्या वेबसाइटवर येतो. इथे बसलेलं माणूस लगेच कळवतं, काय करा, कुठल्या दवाखान्यात न्या. मागच्या हंगामात या भागात फार माणसं जाऊ लागली, तेव्हा हे सुरू झालं. वेबसाइट चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे जुनं मशीन, थकलंय; सगळं नव्यावर हलवायचं, त्यासाठी मला बोलावलंय. आईला फोनवर सांगितलं, चार-पाच दिवसांत नाशिकला परत येते.

४ ऑगस्ट

हलवाहलवी छान झाली. जुनं मशीन बंद करून वायर काढली. काकूंनी त्यावर चादरही घातली. पण नव्यावर सर्व्हर सुरूच होईना. सूचना येते, पोर्ट रिकामा नाही. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं दार, तिथे बसूनच तो निरोप घेतो. दुसऱ्या कुणी ते दार आधीच धरलं असेल तर सर्व्हर बाहेरच राहतो. नेहमीची भानगड आहे ही. शोधलं तर 'ममता' नावाच्या खात्यातून एक प्रोसेस, म्हणजे प्रोग्राम, चालू होती. जुन्यावरून आली असेल म्हणून मारली, म्हणजे बंद केली. सर्व्हर लगेच सुरू झाला. काकांना केवढा आनंद!

चहा घेऊन आले तर पुन्हा बंद. दारात पुन्हा ममता.

५ ऑगस्ट

खातं काढून टाकलं. सर्व्हरला दुसरा पोर्ट दिला, तर तोही धरलेला. शेवटी नवं मशीन पूर्ण पुसून कोरं केलं. जुन्यातलं काहीही घेतलं नाही, नेटची वायरसुद्धा काढून ठेवली. तरी तेच. वायर परत लावली.

जेवताना विचारलं, ही ममता कोण. काकूंनी हातातली पळी खाली ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. मग काकांनी सांगितलं.

ममता राठोड. जवळच्या बंजारा तांड्यावरची. मागच्या हंगामात याच खुर्चीवर बसून तीच सगळ्यांना उत्तरं द्यायची. कळंब-मारेगावकडची माणसं तिला नावाने ओळखत. सप्टेंबरात सुट्टीला घरी गेली. भाऊ कपाशी फवारत होता, त्याला औषध कालवून देत होती. दुपारी चक्कर आली. जीपमधून यवतमाळला नेताना तिने इथेच निरोप पाठवला.

"इथं वाचणारी तीच होती, बेटा," काका म्हणाले. "खुर्ची रिकामी होती."

निरोप नंतर सापडला. तोही अर्धाच. ती वाटेतच गेली होती.

७ ऑगस्ट

प्रोसेसने काय धरून ठेवलंय ते आज उघडून पाहिलं. एकच निरोप.

"मी ममता. औषध अंगावर सांडलं. डोकं गरगरून राह्यलं. कोणी बसलं आहे काय?"

मशीन कोरं आहे. हा आला कुठून? घाबरून प्रोसेस मारली. ती परत आली, पण निरोप पुढे सरकला होता. "तोंडातून पाणी येऊन राह्यलं. नीट दिसत नाही. कोणी बसलं आहे काय?"

मी पुन्हा मारली. आपोआप, सवयीने.

"श्वास"

एवढंच. पुढे काही नाही.

आमच्या कामात 'प्रोसेस मारली' हे दिवसातून कितीदा म्हणतो आम्ही. आज तो शब्द तोंडातून निघेना. मी बटण दाबते आणि तिची जीप पुढे जाते. आता नाही मारणार.

८ ऑगस्ट

मारेगावकडून फोन. बळीराम नावाचा माणूस फवारताना पडलाय. बायको सकाळपासून निरोप पाठवतेय, उत्तर नाही. कसं असेल? दार ममताने धरलंय, दुसऱ्या कुणाचं आत येतच नाही. काका फोनवर दवाखाना सांगत राहिले, रेंज तुटत राहिली.

प्रोसेस मारली असती तर थोडा वेळ दार मोकळं झालं असतं. बोट बटणावर ठेवलं होतं. पण तो 'श्वास' शब्द समोर होता.

दाबलं नाही.

संध्याकाळी कळलं. बळीराम गेला. वाटेतच.

काका मला काही बोलले नाहीत. बोलायला हवे होते.

९ ऑगस्ट

रडून झालं. मग एकच सुचलं. तिच्या निरोपाखाली उत्तर लिहिलं, जे ती सगळ्यांना लिहायची तेच. मी बसले आहे. भिजलेले कपडे काढ. साबणाने अंग धू. बाटली दवाखान्यात सोबत ने.

मग खाली अक्षरं उमटली —

"गाडी थांबवत नाहीत. याडी ऐकून नाही राह्यली."

काकांना दाखवलं. याडी म्हणजे आई, म्हणाले. चष्मा काढून तसेच उभे राहिले.

१० ऑगस्ट

जमनाबाई आल्या. ममताची आई. काकांनी बोलावलं. खुर्चीवर बसेनात, खालीच बसल्या. मी वाचून दाखवलं, सगळं नाही.

"गाडीत तिच्या हाती फोनच होता," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, हापिसाचं काम करून राह्यली. म्या हिसकला. म्हटलं, आता तरी लोकाइचं सोड, डोये मिट जरासे. तर मिटले तिनं."

फोन त्यांच्या कमरेच्या थैलीत होता. अजून तिथेच. वर्षभर बंद.

म्हणाल्या, लिव, याडी इथं हाये. मी लिहिलं. लगेच आलं —

"फोन दे याडी."

जमनाबाईंनी थैली सोडली. फोन लुगड्याच्या पदराने पुसला, मशीनसमोर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसल्या. त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होत्या. मला शब्द कळले नाहीत.

प्रोसेस गेली. मी नाही मारली. तीच उठून गेल्यासारखी.

सर्व्हर सुरू झाला.

११ ऑगस्ट

सकाळी पहिला निरोप कळंबकडून. नवऱ्याला उलट्या होतायत. उत्तर दिलं. पोचले दवाखान्यात, बरा आहे. काकू रडल्या.

मग दुसरा, तिसरा. मी लिहीतच होते. काका मागे उभे राहून नावं वाचत होते. एका नावाला थांबले. म्हणाले, हा मागच्या वर्षीच गेला. मग आणखी एक. हाही. ही बाईसुद्धा —

ममता उठली. तिच्या मागे रांग होती.

दुपार

जिवंत कोण, गेलेलं कोण, कळत नाही. सगळ्यांचं एकच. कोणी आहे काय. काका म्हणतात बंद कर. बंद केलं तर जिवंत असतील त्यांचं काय? जमनाबाई कालपासून इथेच आहेत. म्हणतात, सगळ्यायले दे उत्तर, कायले निवडतं?

देतेय. हात दुखतोय. उठता येत नाही.

नंतर

काकू जेवायला बोलावतात. नको. नवे येतच —

आत्ता एक. मारेगाव. बळीराम.

"बायको सकाळपासून निरोप पाठवून राह्यली. तुम्ही काहून उत्तर नाही देत?"

हे थेट लिहवत नाही. आधी इथे वहीत लिहून पाहते. दादा, तुमचा निरोप माझ्यापर्यंत आला नाही, कारण मी त्या दिवशी —

नाही. असं नाही.

दादा, मी बसले होते. मी इथेच बसले होते, पण मी